मातीखालचे धागे

आषाढ लागला की पेणच्या बाजारात दोन गोष्टी हमखास दिसू लागतात. एक, कारखान्यांतून रंगाची वाट पाहत रांगेने बसलेले पांढरेशुभ्र गणपती. आणि दुसरी, डोंगरावरून उतरलेल्या ठाकर-कातकरी बायांच्या टोपल्यांत हिरव्या पानांवर मांडलेली अळंबी. गणपतीला गिऱ्हाईक यायला अजून अवकाश असतो, पण अळंबी सकाळी आठच्या आत संपते. गेल्या आषाढात त्या टोपलीपाशी घासाघीस करत उभा असतानाच मला रोह्याहून आत्याचा फोन आला. वाडीत भलतेच काहीतरी उगवले आहे, असे तिचे म्हणणे. नारळाच्या कुजक्या सोडणांवर बोटाच्या पेराएवढे पेले आले आहेत आणि त्यांत कोणीतरी पैसे टाकून ठेवले आहेत. शिवाय बांबूच्या बेटाखाली जाळीचा झगा घातलेली एक पांढरी बाहुली उभी आहे आणि तिला मेलेल्या उंदराचा वास येतो. वाडी पाहणाऱ्या गड्याने चुन्याची फक्की आणूनही ठेवली आहे. टाकू का नको, तेवढे येऊन सांग.

आत्या शहाऐंशी वर्षांची. तिला भ्रम झाला असे म्हणावे, तर तिची नजर माझ्यापेक्षा चांगली. मी अळंबी तशीच टाकली, घरून भिंग घेतले आणि दिवा-रोहा गाडी धरली.

मला का बोलावले, तेही सांगायला हवे. मी वनस्पतीशास्त्राचा पदवीधर आहे. नुसता पदवीधर नव्हे, कॉलेजात असताना माथेरानपासून कुड्याच्या लेण्यांपर्यंत पानेफुले गोळा करत हिंडलेला. पण पदवी हाती पडली त्याच वर्षी बँकेची परीक्षा दिली, पास झालो, आणि पुढची चौतीस वर्षे लेजर, व्हाउचर आणि ताळेबंद यांत गेली. वडील जाईपर्यंत म्हणत असत, की एवढे शिकलास ते वायाच गेले. मीही मनातल्या मनात तेच म्हणत आलो होतो.

वाडीत पोचलो तेव्हा पावसाची एक सर नुकतीच ओसरली होती. कुंडलिकेला तांबडे पाणी आले होते. सोडणांच्या ढिगावर खरोखरच शे-दीडशे इवलेसे पेले उभे होते. बाहेरून तपकिरी, केसाळ. आतून गुळगुळीत, राखी. आणि प्रत्येक पेल्याच्या तळाशी चपट्या, काळसर, चकचकीत चकत्या. आत्याला त्या पैशांसारख्या दिसल्या, यात तिची काहीच चूक नव्हती. इंग्रजांना ही पक्ष्याची घरटी वाटली आणि चकत्या म्हणजे त्यांतली अंडी. शास्त्रीय नाव सायथस. बांबूखालची बाहुलीही बुरशीच. पहाटे मातीतल्या अंड्यासारख्या गोळ्यातून बाहेर येते, जाळीचा घेर सोडते, घाणेरड्या वासाने माश्यांना बोलावते, त्यांच्या पायांना आपले बीजाणू चिकटवून देते आणि संध्याकाळी मान टाकते.

दोन्ही निरुपद्रवी. कुजक्या काडीकचऱ्याची माती करणारी. चुना टाकायचे काहीच कारण नव्हते. फक्त मुलांनी तोंडात घालू नये आणि मोठ्यांनी भाजी करू नये, एवढे पथ्य. (अळंबी विषारी असली तर चांदीचे नाणे काळे पडते, ही समजूत साफ खोटी आहे. जी ओळखीची नाही, ती खायची नाही. दुसरी परीक्षा नाही.)

पण ओटीवर चहाला बसलो तेव्हा कळले, की घरात चुन्यापेक्षा मोठा वाद पेटला होता. आत्याची नात बारावी शास्त्र चांगल्या गुणांनी पास झालेली. तिला वनस्पतीशास्त्र घ्यायचे होते. तिच्या बापाला ते मान्य नव्हते. झाडापाल्याचा अभ्यास करून पोट भरत नाही, असे त्याचे म्हणणे. आणि पुरावा म्हणून त्याने बोट दाखवले ते माझ्याकडे! प्रवेशाचा अर्ज भरायला चार दिवस उरले होते. मी चहात पाहत राहिलो. मग आत्याने आत जाऊन सासऱ्यांच्या पेटीतली एक जुनी दहाची नोट आणून माझ्या हातात दिली. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली, घडीवर विरलेली. तिच्यावर इंग्रजीत सही होती, सी. डी. देशमुख. आत्या एवढेच म्हणाली, की हेही झाडापाल्याचेच शिकले होते आणि ते आपल्या रोह्याचे.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे नाव रोह्यात कोणाला सांगावे लागत नाही. पण ते वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी होते, हे त्या ओटीवरच्या दोन पिढ्यांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ काय, हा विचार मी कधी केला नव्हता. त्या दिवसानंतर तो केला. वाचले, जुळवले, त्यातून जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या, रायगडाच्या पायथ्याकडल्या नाते गावचा. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील, आई भागीरथीबाई. बाळपण बहुतेक रोह्यात गेले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव पुढे १९८१ साली आले. आगगाडी रोह्याला पोचायला अजून बरीच दशके होती. मुंबई म्हणजे खाडी, बोट आणि बैलगाडी यांच्या पलीकडचे गाव. अशा ठिकाणाहून निघालेला हा मुलगा १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच मिळवली. त्या काळी तो चमत्कारच मानला गेला. संस्कृतात अशी गती असलेला मुलगा पुढे शास्त्री-पंडित होईल किंवा वडिलांसारखा वकील, असेच कोणालाही वाटले असते.

एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण उरकून ते १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. तिथे त्यांनी निसर्गविज्ञानाची परीक्षा दिली. विषय वनस्पतीशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि वनस्पतीशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. त्या काळी केंब्रिजच्या वनस्पतीशास्त्र विभागाचे प्रमुख होते प्राध्यापक सीवर्ड, दगडांतले वनस्पतींचे ठसे वाचणारे. त्यांच्याच हाताखाली त्या वर्षांत बिरबल साहनी काम करत होते. पुढे साहनींनी लखनौला नाव कमावले ते याच विद्येवर. चिंतामणरावही त्या वाटेने गेले असते तर त्यात नवल नव्हते.

त्या काळात बुरशी आणि अळंबी यांची गणना वनस्पतींतच होत असे. हिरवेपणा नाही, फूल नाही, बी नाही, तरी ती वनस्पतीच. त्यामुळे तिचा अभ्यासही वनस्पतीशास्त्राच्याच वर्गात होई. हिंदुस्थानातल्या पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांवरचा बटलर यांचा प्रसिद्ध ग्रंथही १९१८ चाच. बुरशीला स्वतःची वेगळी सृष्टी मिळाली ती बऱ्याच उशिरा. १९६९ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली, तेव्हा ती वनस्पतींच्या घरातून बाहेर पडली.

पारितोषिक मिळवलेल्या या वनस्पतीशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, आय.सी.एस.ची परीक्षा दिली आणि तिच्यातही पहिला क्रमांक पटकावला. मनात मात्र घालमेल होती. परक्या सरकारची चाकरी पत्करावी की देशाच्या कामाला लागावे? लोकमान्य टिळक त्याच सुमारास चिरोल खटल्यासाठी लंडनला होते. त्यांना भेटून चिंतामणरावांनी सल्ला विचारला, ही हकीगत प्रसिद्ध आहे. लोकमान्यांनी त्यांना नोकरी सोडू नका असेच सांगितले. स्वराज्य आल्यावर कारभार जाणणारी माणसे लागतीलच, हा त्यांचा हिशेब. अठ्ठावीस-तीस वर्षांनंतर वसूल होणारी ती ठेव होती.

१९२० मध्ये ते परतले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात रुजू झाले. इंग्लंडातच रोझिना यांच्याशी विवाह झाला होता. त्यांच्या मुलीचे नाव प्रिमरोझ. हे तिकडच्या वसंतात फुलणाऱ्या एका फिकट पिवळ्या फुलाचे नाव आहे, हे वाचून माझ्यातला जुना विद्यार्थी उगाचच सुखावला! उपसचिव, डेप्युटी कमिशनर, जमाबंदी अधिकारी अशा जागा त्यांनी सांभाळल्या. जमाबंदीचे काम म्हणजे गावोगाव हिंडून जमिनीचा कस, पीक, पाणी पाहून सारा ठरवणे. ज्याने माती आणि खडक यांचे शास्त्र शिकलेले आहे, त्याला ते शेतकऱ्याइतकेच डोळ्यांनी दिसत असणार. १९३१ मध्ये रजेवर लंडनला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांनी काम केले. पुढे प्रांताचे अर्थसचिव झाले.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा जेमतेम चार वर्षांची. आधीचे दोन्ही गव्हर्नर, ऑस्बोर्न स्मिथ आणि जेम्स टेलर, इंग्रज. टेलर १९४३ च्या प्रारंभी वारले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. आत्याच्या पेटीतली नोट त्या काळातली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत ब्रेटन वूड्सला ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला घालणाऱ्या त्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. देशाची फाळणी झाली तेव्हा रोख रकमेपासून देण्याघेण्यापर्यंत सगळ्याची वाटणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी जूनअखेर ते निवृत्त झाले.

निवृत्ती नावापुरतीच. १९५० मध्ये नियोजन आयोगाचे सदस्य, त्याच वर्षी देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते आपल्या कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून गेले. पहिली पंचवार्षिक योजना, १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची झालेली स्टेट बँक, १९५६ मधले आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, ही सगळी त्यांच्या काळातली. पुढे ज्या बँकिंगच्या जगात मी चौतीस वर्षे काढली, त्याचा पाया घालणारा माणूस वनस्पतीशास्त्राचे पारितोषिक घेतलेला होता, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी सांगायला हवे होते.

मग ते वनस्पतीशास्त्र गेले कुठे? इथे मला सोडणांवरचे ते पेले आठवतात. ज्याला आपण अळंबी म्हणतो, ते त्या जीवाचे नुसते फळ. खरा जीव असतो तो मातीत किंवा कुजक्या लाकडात सुतासारख्या धाग्यांनी पसरलेला. वर्षानुवर्षे तो तिथे मुकाट्याने काम करत असतो. पाऊस, ऊब, ओल यांचा मेळ जमला की चार दिवसांपुरता वर येतो. आपण म्हणतो, एका रात्रीत उगवला!

चिंतामणरावांच्या आयुष्याकडे असे पाहिले की बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात. बागकाम हा त्यांचा जन्मभराचा छंद राहिला. आणि वर दिसणाऱ्या पदांपेक्षा खाली पसरणाऱ्या संस्थांची त्यांना ओढ जास्त. रिझर्व्ह बँकेत संशोधन आणि सांख्यिकीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला तो त्यांच्या काळात. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९४५ पासून १९६४ पर्यंत अध्यक्ष होते. मंत्रिपद सोडल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू, लोदी बागेला लागून उभ्या राहिलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे पहिले अध्यक्ष. अंदाजाने न बोलता आधी मोजावे, तपासावे, वर्गवारी लावावी, ही प्रयोगशाळेतली सवय या सगळ्या कामांत दिसते.

आणि मग एका आषाढात ते जे खाली होते, ते सगळ्या देशाला दिसले. १९५६ सालची गोष्ट. राज्यपुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचा घाट घातला गेला होता. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला होता, माणसे मेली होती. जुलै महिन्यात चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून या निर्णयाच्या रीतीवर आणि गोळीबाराच्या चौकशीला दिलेल्या नकारावर नेमके बोट ठेवले. सबंध हयात संयमाने, आकड्यांच्या भाषेत बोललेला माणूस. त्याचा राग महाराष्ट्राला फार मोठा वाटला, तो म्हणूनच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला त्या राजीनाम्याने मोठे नैतिक बळ मिळाले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा ते सत्तेच्या कुठल्याच खुर्चीवर नव्हते.

खुर्चीची हाव नव्हती, पण हार पत्करायची भीतीही नव्हती. १९६९ मध्ये, म्हणजे बुरशीला स्वतःचे घर मिळाले त्याच वर्षी, ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभे राहिले. गिरी निवडून आले, संजीव रेड्डी दुसरे, देशमुख तिसरे. मॅट्रिकपासून पहिला नंबर सोडलेला नव्हता, त्याने तिसरा नंबरही शांतपणे घेतला.

या साऱ्या धामधुमीत संस्कृत सुटले नाही. गांधीजींची शंभर वचने त्यांनी संस्कृत श्लोकांत बांधली आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठीत अनुवाद केला. इथे मला जे सापडले, त्याने त्या रात्री झोप लागली नाही. ‘मेघदूता’च्या आरंभीच एका श्लोकात यक्ष मेघाच्या गडगडाटाचे वर्णन करतो. तो गडगडाट कानी पडताच जमीन सुफळ होते आणि तिच्यातून शिलीन्ध्रे वर येतात, असा त्याचा आशय. शिलीन्ध्र म्हणजे काय? मल्लिनाथ त्याचा अर्थ कंदली नावाचे रोप असा लावतो. अनेक अभ्यासक सरळ अळंबी असा लावतात. ढग गडगडला की अळंबी फुटते, हे आपल्याकडे कुठलाही ठाकरही सांगेल. अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाला त्या शब्दापाशी थांबावेच लागते. पण रोह्याचा पाऊस अंगावर घेतलेला, केंब्रिजला वनस्पतीशास्त्र शिकलेला आणि मॅट्रिकला संस्कृतात पहिला आलेला असा माणूस त्या शब्दापाशी थांबला असेल, तेव्हा त्याच्या तिन्ही विद्या एका ठिकाणी भेटल्या असणार. आपल्या पोटापाण्याच्या उद्योगात यांतली एकही कामाची नव्हती. तरी तिन्ही जिवंत होत्या.

रोझिना १९४९ मध्ये गेल्या. २२ जानेवारी १९५३ रोजी चिंतामणरावांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई घटनासमितीतल्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. हे सहजीवन दोन संस्थांचे मिळून एक कुटुंब व्हावे तसे होते. १९५९ मध्ये चिंतामणरावांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण. शेवटची वर्षे हैदराबादेत गेली. दुर्गाबाई ९ मे १९८१ रोजी गेल्या. त्याच वर्षी त्यांचे अमरकोशावरचे पुस्तक आले. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, बाळपणी घोकलेल्या कोशाकडे परतलेला हा माणूस २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी निवर्तला.

यातले निम्मे मला त्या ओटीवर माहीत नव्हते. जेवढे होते तेवढे सांगितले. नातीच्या बापाने ऐकून घेतले आणि म्हणाला, की सगळेच काही सी. डी. देशमुख होत नाहीत. खरे आहे. मीही झालो नाही. पण मला एकदम वाटले, की चौतीस वर्षे मी ताळेबंदातली चूक शोधायला बसलो की आधी पानाच्या कडा पाहाव्यात तसा आकड्यांच्या कडा पाहत असे, ती सवय मला बँकेने दिलेली नव्हती. हे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही, पण नोट हातात घेऊन उजेडाला धरून बराच वेळ पाहत राहिला.

संध्याकाळी नात मला पुन्हा सोडणांच्या ढिगाकडे घेऊन गेली. पैशांसारख्या त्या चकत्या पेल्यात का असतात, हे तिला पाहायचे होते. त्या चकत्यांत बीजाणू असतात. पावसाचा टपोरा थेंब नेमका पेल्यात पडला की त्याच्या धक्क्याने त्या उसळून हातभर, कधी दोन हातही लांब जातात. चकतीमागचा चिकट दोरा वाटेतल्या काडीला गुंडाळला जातो आणि नवी वस्ती सुरू होते. पेल्याचा आकारच त्यासाठी. पाऊस थांबलेला होता, म्हणून तिने औषधाचा ड्रॉपर आणला, हात उंच केला आणि नेम धरून थेंब सोडू लागली. पाच-सहा थेंब फुकट गेले. तोवर तिचा बापही चुन्याची पिशवी गड्याच्या हाती परत देऊन मागे येऊन उभा राहिला होता. सातवा थेंब बरोबर पेल्यात पडला. टप्प असा बारीकसा आवाज झाला, आणि एक काळी चकती उडून त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर जाऊन चिकटली.

त्याने ती झटकली नाही. वाकून दुसऱ्या पेल्याकडे बोट दाखवत त्याने ड्रॉपर मागितला.